कुत्र्यामांजरांचे वजन आणि आहार : नाशिकच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये बंगले पाडून इमारती उभ्या राहिल्या, तसा अंगणात राखणीला असणारा कुत्रा तिसऱ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात राहायला आला. त्याचे हिंडणे घटले, पण त्याला घास देणारे हात मात्र वाढले. गोदापार्कवर सकाळी कुत्रा फिरवताना किंवा पशुवैद्याच्या दवाखान्यातल्या बाकावर क्रमांकाची वाट पाहताना जे प्रश्न हमखास कानावर येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ती समजुतीसाठी आहेत. आजारी जनावराला प्रत्यक्ष तपासून घेण्याला पर्याय नाही.

आमचा कुत्रा लठ्ठ आहे की नुसताच गुटगुटीत, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

वजनाच्या आकड्यापेक्षा हाताचा अंदाज अधिक उपयोगी पडतो. प्रथम स्वतःची मूठ वळून बोटांच्या उंचवट्यांवरून दुसरा हात फिरवावा, मग पंजा उघडून त्याच्या पाठीवरून आणि शेवटी तळव्याच्या मांसल भागावरून फिरवावा. कुत्र्याच्या बरगड्या मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचत असतील तर तो अशक्त आहे, पंजाच्या पाठीसारख्या सहज हाताला लागत असतील तर तो बेताचा आहे, आणि तळव्यासारखे मऊ मांस लागून बरगडी शोधावी लागत असेल तर त्याचे वजन जास्त आहे. यानंतर त्याला वरून पाहावे. बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे आणि बाजूने पाहिल्यास पोटाची रेषा मागच्या पायांकडे वर चढत गेली पाहिजे. पशुवैद्य याच निरीक्षणाला १ ते ९ असे गुण देतात. कुत्र्यांमध्ये ४ किंवा ५ गुण उत्तम मानले जातात आणि त्यापुढचा प्रत्येक गुण ढोबळमानाने दहा टक्के जादा वजन दाखवतो.

पॉमेरेनियन किंवा पर्शियन मांजरासारख्या केसाळ प्राण्यांच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, केसांत बोटे घालूनच पाहावे. मांजरांच्या पोटाखाली चालताना हलणारी कातडीची सैल झोळी बहुधा नैसर्गिक असते, तेवढ्यावरून मांजर लठ्ठ ठरत नाही. आपल्याकडे उलट चूकही होते. सडपातळ, कंबर आवळलेला गावठी कुत्रा पाहून लोक हळहळतात आणि त्याला खाऊ घालून घालून ‘अंगावर’ आणतात. वास्तविक निरोगी कुत्रा तसाच दिसायला हवा. आपल्या डोळ्यांना लठ्ठ लॅब्रॅडॉर पाहण्याची इतकी सवय झाली आहे की बेताचा लॅब्रॅडॉर उपाशी वाटतो.

वजन घरी कसे करावे?

लहान कुत्र्याला किंवा मांजराला उचलून वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करावे. मांजराच्या बाबतीत पाव किलोचा फरकही महत्त्वाचा असल्यामुळे शक्य असल्यास बारीक मोजणारा काटा वापरावा. मोठ्या कुत्र्याचे वजन दवाखान्यातच करावे आणि दर वेळी त्याच काट्यावर करावे.

आम्ही जेवण तर थोडेच देतो, तरीही वजन का वाढते?

कारण ‘जेवण’ या शब्दात आपण फक्त ताटलीत वाढलेले धरतो. हिशेब एकदा आकड्यांत मांडून पाहावा. दहा किलो वजनाच्या कुत्र्याला नुसते जगण्यासाठी, म्हणजे काहीही हालचाल न करता, दिवसाला साधारण ४०० किलोकॅलरी लागतात, आणि नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्याची पूर्ण दिवसाची गरज सहसा सहाशेच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. आता सकाळच्या चहाबरोबर आजोबांनी दिलेली पाच ग्लुकोज बिस्किटे धरावीत, ती सव्वाशेच्या घरात जातात. दुपारी तूप लावलेली एक पोळी दीडशेपर्यंत जाते. मुलांच्या डब्यातून उरलेला चीजचा तुकडा साठ-सत्तरचा असतो. ताटलीला हात लावण्याआधीच दिवसाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग पोटात गेलेला असतो, आणि त्यानंतर ताटलीतले ‘थोडेसे जेवण’ पूर्णच खाल्ले जाते.

मांजराचा हिशेब तर आणखी चिंचोळा असतो. चार किलोच्या घरबशा मांजराला दिवसाला दोनशे ते अडीचशे किलोकॅलरी पुरतात. म्हशीच्या दुधात शंभर मिलिलिटरमागे सुमारे शंभर किलोकॅलरी असतात, त्यामुळे एक वाटी दूध म्हणजे मांजराचे निम्म्याहून अधिक जेवण ठरते. शिवाय बऱ्याच प्रौढ मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात, हा भाग वेगळा.

वरखाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. कोरडे खाद्य मापाच्या वाटीने न मोजता ग्रॅममध्ये तोलावे, कारण वाटी भरण्याचे माप माणसागणिक बदलते.

नसबंदीमुळे प्राणी लठ्ठ होतात, म्हणून ती टाळावी का?

टाळू नये. नसबंदीनंतर ऊर्जेची गरज बऱ्यापैकी, साधारण पाचवा ते चौथा हिस्सा, घटते आणि भूक मात्र वाढते, हे खरे आहे. म्हणून टाके निघण्याची वाट न पाहता शस्त्रक्रियेनंतर लगेचच खुराक कमी करावा आणि पहिले सहा महिने दर महिन्याला वजन करावे. मादी कुत्र्यांमध्ये गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार नसबंदीमुळे टळतो. तेव्हा वाढू शकणाऱ्या वजनाच्या भीतीने ती न करणे शहाणपणाचे नाही.

आमच्या लॅब्रॅडॉरचे पोट कधी भरतच नाही. आमचेच काही चुकते का?

सर्वच दोष तुमच्याकडे जात नाही. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की भूक आवरण्याशी संबंध असलेल्या ‘पीओएमसी’ नावाच्या जनुकाचा एक तुकडा जवळजवळ चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये गहाळ असतो. अशा कुत्र्यांना अन्नाची ओढ इतरांपेक्षा जास्त असते आणि त्यांचे वजनही सरासरीने जास्त भरते. याचा अर्थ त्याची केविलवाणी नजर खोटी नाही, त्याला खरोखरच भूक लागल्यासारखे वाटते. पण ती भूक शरीराच्या गरजेची नसते, म्हणून ती पुरवायची नसते. पाण्यात उकडलेली दुधी, काकडी किंवा फरसबी (फोडणी, मीठ, कांदा काहीही न घालता) थोडी मिसळल्यास ताटली भरलेली दिसते. अन्न एकदम न वाढता कोड्यासारख्या भांड्यातून किंवा घरभर लपवून दिल्यास ते खायला वेळ लागतो.

थोडे वजन जास्त असल्याने असे काय बिघडते?

लॅब्रॅडॉरवरच झालेल्या एका दीर्घ अभ्यासाचा दाखला येथे देण्याजोगा आहे. अमेरिकेत ४८ पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा एक चतुर्थांश कमी अन्न आयुष्यभर दिले गेले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे आणि इतरांचे ११.२ वर्षे निघाले, शिवाय सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांना उशिरा सुरू झाली. ज्यांना जास्त खायला मिळाले ते काही अवाढव्य लठ्ठ नव्हते, ते आपल्या नेहमीच्या पाहण्यातल्या कुत्र्यांसारखेच होते.

जादा वजनाचा पहिला भार गुडघे, खुबे आणि पाठीच्या कण्यावर येतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना आधीच श्वास पुरत नाही, त्यात गळ्याभोवतीची चरबी भर घालते. उष्माघाताचा धोका वाढतो, भूल देणे जोखमीचे होते आणि मांजरांना मधुमेह होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते.

वजन किती वेगाने कमी करावे?

कुत्र्यासाठी आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक ते दोन टक्के आणि मांजरासाठी अर्धा ते एक टक्का, हा वेग सुरक्षित मानला जातो. समजा एखादा लॅब्रॅडॉर ३८ किलोचा आहे आणि त्याचे योग्य वजन ३० किलो आहे. आठवड्याला एक टक्क्याने गेल्यास त्याला साडेपाच महिने लागतील. पशुवैद्य सहसा योग्य वजनाला विश्रांतीत लागणाऱ्या ऊर्जेपासून, म्हणजे या उदाहरणात दिवसाला सुमारे ९०० किलोकॅलरींपासून, सुरुवात करून पुढे वजन पाहत फेरफार करतात. नेहमीचेच अन्न फार कमी केल्यास प्रथिने व जीवनसत्त्वेही कमी पडतात, म्हणून मोठे वजन उतरवायचे असल्यास त्यासाठी बनवलेले कमी कॅलरींचे खाद्य डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे.

मांजराला दोन दिवस उपाशी ठेवले तर ते मुकाट्याने कमी खाईल का?

असे कदापि करू नये. या सबंध पानावरची सर्वांत महत्त्वाची सूचना हीच आहे. लठ्ठ मांजराने खाणे सोडले की शरीरातील चरबी वेगाने यकृताकडे धाव घेते आणि काही दिवसांतच यकृत चरबीने भरून निकामी होऊ लागते. कान व हिरड्या पिवळट दिसणे, लाळ गळणे, उलट्या आणि सुस्ती ही त्याची लक्षणे असतात, आणि उपचारासाठी अनेकदा नळीवाटे आठवडेच्या आठवडे अन्न द्यावे लागते. घर बदलणे, नवे मांजर येणे किंवा अन्न एकाएकी बदलणे एवढेही निमित्त पुरते. मांजराने चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांना कळवावे, ‘रुसले आहे, खाईल उद्या’ असे म्हणत थांबू नये. अन्न बदलायचे असल्यास जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत किमान आठवडा घ्यावा.

बोक्यांविषयी आणखी एक इशारा येथेच देणे सोयीचे आहे. जादा वजनाच्या, घरात बसून असणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या बोक्यांचा मूत्रमार्ग तुंबण्याची शक्यता अधिक असते. बोका वारंवार लघवीला बसतो, कुंथतो आणि थेंबही येत नाही, हे पाहिल्यावर बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करीत बसू नये. त्याच दिवशी उपचार न झाल्यास तो दगावू शकतो.

मधुमेह झाला हे कसे कळते?

पाणी पिणे व लघवी वाढते आणि चांगले खाऊनही वजन घटते. लघवीच्या जागी मुंग्या लागल्याचे पाहून घरच्यांना शंका आली, असे अनेकदा घडते. मांजराचा मधुमेह माणसाच्या प्रौढपणीच्या मधुमेहाशी मिळताजुळता असतो. इन्शुलिन लवकर सुरू झाले, पिष्टमय पदार्थ कमी केले आणि वजन उतरले तर काही मांजरांचे इन्शुलिन सुटूही शकते. कुत्र्यांचे तसे नसते, त्यांना बहुतेक वेळा आयुष्यभर इन्शुलिन लागते, आणि मोतीबिंदू लवकर होतो. माणसांसाठीच्या मधुमेहाच्या गोळ्या त्यांना परस्पर देऊ नयेत.

आमच्या घरी श्रावण पाळतात, मांस-अंडी महिनाभर बंद असतात. चालेल का?

कुत्र्यासाठी चालवता येते, मांजरासाठी नाही. कुत्र्याला संतुलित शाकाहारावर ठेवता येते, मात्र नुसता दहीभात म्हणजे संतुलित शाकाहार नव्हे. बाजारात मिळणारे पूर्ण पोषणाचे शाकाहारी खाद्य महिनाभरासाठी वापरणे हा सोपा मार्ग आहे, आणि तो बदलही आषाढाच्या अखेरच्या आठवड्यापासून हळूहळू करावा. मांजर हा काटेकोर मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याच्या शरीराला पुरेसा बनवता येत नाही आणि तो वनस्पतींत जवळजवळ नसतो. टॉरिन कमी पडल्यास दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू सैल पडून ते फुगते. या हृदयविकाराचे मूळ टॉरिनमध्ये आहे, हे १९८७ मध्ये स्पष्ट झाले आणि त्यानंतर मांजरांच्या खाद्यात त्याचे प्रमाण वाढवण्यात आले. घरात मांस शिजवायचे नसेल तर मांजरासाठी कोरडे खाद्य वेगळ्या डब्यात, वेगळ्या कोपऱ्यात ठेवावे. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी, माझ्या मते, मांजर न पाळता ससा पाळावा.

पिल्लाला दूध-पोळी पुरते ना? कॅल्शियमचे औषध द्यावे का?

दूध-पोळीवर पिल्लू वाढते, पण धड वाढत नाही, कारण तिच्यात प्रथिने अपुरी असतात आणि खनिजांचा तोल बिघडलेला असतो. दुसऱ्या टोकाला नुसते उकडलेले चिकन देणारे असतात. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असल्यामुळे शरीर हाडांतूनच कॅल्शियम काढू लागते, पाय वाकतात आणि सोफ्यावरून उडी मारली तरी हाड मोडते. तिसरी चूक याच्या नेमकी उलट आहे. पिल्लांसाठीचे संतुलित खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमचे सिरप पाजले जाते, आणि ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांत जादा कॅल्शियममुळेही सांधे व हाडे विकृत होतात. मांजराला रोज फक्त कलेजी घालणेही असेच घातक असते. ‘अ’ जीवनसत्त्व साचून मानेचे मणके एकमेकांना जुळतात आणि मांजराला मान वळवता येत नाही.

कांदा आणि द्राक्षे खरोखरच विषारी आहेत का? आमच्याकडे तर दोन्ही घरचेच असते.

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न इतर कोठल्याही ठिकाणापेक्षा जास्त जिव्हाळ्याचा आहे. लासलगावची कांद्याची बाजारपेठ आणि निफाड-दिंडोरीचे द्राक्षमळे ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे या दोन वस्तू फरशीवर पडलेल्या असणारच. तरीही उत्तर स्पष्टपणे ‘होय’ असेच आहे.

कांद्यातील गंधकयुक्त घटक तांबड्या रक्तपेशी फोडतात. कुत्र्याच्या बाबतीत दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम आणि मांजराच्या बाबतीत केवळ ५ ग्रॅम कांदा रक्तात लक्षणीय बिघाड घडवू शकतो. म्हणजे चार किलोच्या मांजराला वीस ग्रॅम पुरे होतात. कांदा शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने विष जात नाही. लसूण आणि कांद्याची पातही त्याच कुळातली आहे. मिसळीच्या कटाला कांदा-लसणाच्या वाटणाशिवाय चवच येत नाही, म्हणून रविवारी मिसळ खाऊन झाल्यावर ‘उरलेला रस्सा पावात बुडवून’ कुत्र्यापुढे टाकणे थांबवावे. चंपाषष्ठीला खंडोबाचा कुत्रा म्हणून त्याला भरीत-रोडग्याचा नैवेद्य घालण्याची आपली परंपरा आहे. ती जरूर पाळावी, पण भरतात कांद्याची पात व लसूण पडण्याआधी त्याचा वाटा वेगळा काढावा. लक्षणे लगेच दिसत नाहीत. काही दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते आणि प्राणी दमतो. तोवर भरताचा कोणाला विसरही पडलेला असतो.

द्राक्षांचे प्रकरण अधिक विचित्र आहे. एखादा कुत्रा घोसभर द्राक्षे खाऊनही ठणठणीत राहतो आणि दुसऱ्याची मूत्रपिंडे थोड्याशा द्राक्षांनी एक-दोन दिवसांत बंद पडतात, त्यामुळे सुरक्षित प्रमाण सांगताच येत नाही. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हे यामागचे कारण असावे, असे मत २०२१ पासून पुढे आले आहे. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते, तेव्हा चिंच-गुळाची आमटीही कुत्र्याच्या भातावर घालू नये. बेदाणे सुकल्यामुळे अधिकच तीव्र असतात. मळ्यावर राहणाऱ्यांनी हंगामात गळालेल्या मण्यांजवळ कुत्रा मोकळा सोडू नये. खाल्ल्याचे दिसताच, उलटी होण्याची वाट न पाहता, दवाखाना गाठावा. मिठाचे पाणी पाजून घरी उलटी करवू नये, त्याने आणखी एक विषबाधा होते.

चॉकलेट आणि ‘शुगर-फ्री’ पदार्थांतील झायलिटॉल हेही याच यादीत येतात.

दिवाळीत थोडा फराळ दिला तर?

दिवाळीनंतरच्या आठवड्यात उलट्या करणारे, पाठ कमानीसारखी करून उभे राहणारे कुत्रे दवाखान्यांत दिसतात. तळलेल्या, तुपकट खाण्यानंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि ती जीवावर बेतू शकते. मटणाची चरबी आणि कोंबडीची कातडीही तशीच.

खाणे मोजूनही वजन वाढतच असेल, किंवा उलट कारणाशिवाय घटत असेल तर?

मोजमाप खरोखर चोख असेल तर रक्ताची तपासणी करावी. मध्यमवयीन कुत्र्यात थायरॉइड मंदावल्यास सुस्ती येते, थंडी सोसत नाही आणि दोन्ही बाजूंचे केस विरळ होतात. कुशिंग्ज या आजारात पोट लोंबते आणि पाणी पिणे फार वाढते. वजन घटणे हे अधिक काळजीचे असते. जंत, दुखरे दात, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह आणि म्हाताऱ्या मांजरांत वाढलेला थायरॉइड यांपैकी काहीही त्यामागे असू शकते.

नाशिकच्या उन्हाळ्यात व्यायाम कसा करवावा?

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा लठ्ठ कुत्र्याला सकाळी उजाडताच आणि रात्री रस्ता निवल्यावरच बाहेर न्यावे. आपल्या पंजाची पाठ डांबरावर सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे तळवेही भाजतात. व्यायामाने स्नायू टिकतात, पण वजन मुख्यतः ताटलीतूनच उतरते. अर्ध्या तासाच्या फेरीनंतर दिलेली चार बिस्किटे ती फेरी पुसून टाकतात.

ससा आणि पक्षी यांचे काय?

सशाच्या आहाराचा बहुतांश भाग वाळलेले गवत असावा. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि ते गवत चावूनच झिजतात. गाजर हा त्याचा गोड खाऊ आहे, जेवण नव्हे. लसूणघास प्रौढ सशाला रोज दिल्यास जादा कॅल्शियममुळे मूत्राशयात गाळ साचतो (नावात लसूण असली तरी तिचा लसणाशी काही संबंध नाही). सशाने अर्धा दिवस खाल्ले नाही आणि लेंड्या टाकल्या नाहीत तर तीही तातडीची अवस्था समजावी. बजरिगरला फक्त बिया, त्यातही सूर्यफुलाच्या, दिल्यास यकृतात चरबी साठते आणि ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडते. पिंजऱ्यातल्या आपल्या देशी हिरव्या पोपटाबद्दलही लोक हाच प्रश्न विचारतात, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळताच येत नाही.

सगळे पटते, पण घरातली आजी ऐकत नाही. काय करावे?

आजीला मना करून आजवर कोणाचा कुत्रा बारीक झाल्याचे पाहण्यात नाही, कारण मग बिस्किटे पदराआडून दिली जातात. त्यापेक्षा सकाळी दिवसभराचे खाद्य तोलून एका झाकणाच्या डब्यात भरावे, त्यातले मूठभर वेगळ्या लहान डबीत काढावे आणि ती डबी आजीच्या हवाली करावी. देणारा हात तिचाच राहतो आणि कुत्र्यालाही दाण्यांच्या आकारापेक्षा हाकेचे कौतुक जास्त असते. डबी संध्याकाळपूर्वी रिकामी झाली तर ती पुन्हा भरायची नाही, एवढे मात्र पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे. इमारतीचे वॉचमन आणि शेजारची मुले यांनाही ‘देऊ नका’ म्हणण्याऐवजी याच डब्यातले चार दाणे देऊन ठेवावेत.